कपातीत गेलेला माणूस नापास झालेला नसतो

आयटीत कुणाची नोकरी गेली की पहिला प्रश्न ठरलेला: "रेटिंग खराब होतं का?" नातेवाईक विचारतात, जुने सहकारी विचारतात, आणि मुलाखत घेणारेही विचारतात, याचा मला मनापासून राग येतो.

कामगिरीवरून काढणं सगळ्यांना ठाऊक आहे. आधी वाईट रेटिंग, मग पीआयपी (कामगिरी सुधारण्यासाठी दिलेली लेखी योजना), काही आठवड्यांची मुदत, शेवटी पत्र. माणूस जातो, जागा राहते आणि तिथे दुसरं कुणी येतं.

कपातीत जागाच जाते. ब्रिटनच्या १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यातली व्याख्याही हेच सांगते: विशिष्ट प्रकारच्या कामासाठी लागणाऱ्या माणसांची गरज संपणं किंवा घटणं. त्यात कर्मचाऱ्याच्या गुणदोषांचा उल्लेख नाही. फेसबुकची मालक असलेल्या मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ११,००० जणांना कमी केलं, तेव्हा कंपनीप्रमुख झुकरबर्ग यांनी वाढीचा आपलाच अंदाज चुकल्याचं कबूल केलं. ती कपात होती. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीने सर्वांत कमी कामगिरीच्या सुमारे ५ टक्के लोकांना काढून त्या जागा पुन्हा भरायचं जाहीर केलं. बातम्यांत दोन्हींना 'ले-ऑफ', म्हणजे कपातच म्हटलं गेलं. 'परफॉर्मन्स-बेस्ड ले-ऑफ' हा शब्दप्रयोग तर बंदच व्हायला हवा. जागा भरायच्याच असतील, तर ती कपात कसली?

खरी गफलत मात्र पुढे होते. एका टीममध्ये दहा टेस्टर आहेत आणि काम सहा जणांपुरतंच उरलंय. चौघांना जावं लागणार. ते कोण, हे ठरवायला कंपनी कौशल्यं पाहते, अनुभव पाहते, पगार पाहते आणि बऱ्याचदा रेटिंगही पाहते. इथे भलेभले म्हणतात, "म्हणजे शेवटी कामगिरीच ना!" नाही. पीआयपीत तुम्हाला एका ठरलेल्या पातळीशी मोजतात आणि तुम्ही तिच्या खाली भरता. कपातीत तुम्हाला शेजाऱ्याशी मोजतात. दहाही जण उत्तम असले तरी सातवा, आठवा, नववा आणि दहावा कुणीतरी असणारच. काम सात जणांचं उरलं असतं, तर सातवा आज तिथेच असता, त्याच रेटिंगसह. रेटिंगमुळे क्रम ठरला. नोकरी गेली ती काम घटल्यामुळे. शिवाय अख्खं प्रॉडक्ट बंद झालं, तर क्रम लावायचाही प्रश्न येत नाही, सर्वोत्तम रेटिंगवालाही जातो.

लॅपटॉप कधी बंद झाला, मेल आला की फोन, यावरून कपात झाली की कामगिरीवरून काढलं, ते कळत नाही. दोन्हींत तेच घडतं. भरपाई सहसा कपातीत मिळते, पण किती, ते देश आणि करारावर अवलंबून.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. "राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील," असं एचआरने सांगितलं तर तिथल्या तिथे सही करू नका. राजीनामा दिलात की कागदोपत्री तुम्ही स्वतःहून गेलात, मग भरपाई कशाच्या आधारावर मागणार? आधी पत्रात कारण लिहून मागा, 'पद रद्द' हे शब्द त्यात हवेत. पुढच्या मुलाखतीतही तेवढंच सांगा: "टीममधली चार पदं रद्द झाली, त्यात माझं होतं." आणि लगेच आपल्या कामाबद्दल बोलायला लागा.