पोत्यातले धान्य आणि नळीतले पाणी

पश्चिम आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा या देशाची सत्ता ४ ऑगस्ट १९८३ रोजी हाती घेणाऱ्या कॅप्टन थॉमस संकारा यांनी बरोबर एका वर्षाने देशाचे नाव बदलून बुर्किना फासो, म्हणजे ताठ मानेच्या माणसांचा देश, असे ठेवले. साम्राज्यवाद कोठे आहे असे विचारणाऱ्यांना ते जेवणाच्या ताटाकडे पाहायला सांगत. परदेशातून आलेले तांदळाचे, मक्याचे दाणे हाच तो, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र त्यांनी मदत सरसकट नाकारली नव्हती. जी मदत पुढे मदतीची गरजच उरू देत नाही, तिचे त्यांनी स्वागतच केले. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण तो देशाच्या उत्तरेकडील यातेंगा भागातील मातीत प्रत्यक्ष पाहता येतो.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला पसरलेल्या साहेल या निमकोरड्या पट्ट्यात १९६८ च्या सुमारास सुरू झालेल्या दुष्काळाने यातेंगाचे कंबरडे मोडले. पाऊस कमी झाला हे खरे, पण पडलेला पाऊसही जमिनीत मुरत नव्हता. उघड्या मातीवर थेंब आदळले की बारीक कण सुटतात, छिद्रांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर त्यांचा कठीण पापुद्रा बनतो. पुढच्या सरीचे पाणी त्यावरून वाहून जाते आणि जाताना सुपीक थरही घेऊन जाते.

दगडांच्या ओळी रचून पाणी अडवणे तेथील शेतकऱ्यांना ठाऊक होते. अडचण उताराची होती. तो इतका मंद असतो की समपातळी रेषा नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि ओळ थोडी जरी तिरकी गेली तरी पाणी सखल टोकाला गोळा होऊन तिथून फुटते. ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेने १९७९ मध्ये, म्हणजे संकारा सत्तेवर येण्याआधीच, सुरू केलेल्या प्रकल्पात यावर उपाय सापडला: पाणी भरलेली पारदर्शक प्लॅस्टिकची नळी. आपल्याकडचे गवंडी जोत्याची पातळी काढण्यासाठी वापरतात तीच. दोन्ही टोकांतील पाणी एकाच उंचीवर राहते, त्यामुळे अक्षरओळख नसलेला शेतकरीही थोड्या सरावाने अचूक रेषा आखू शकतो. त्या रेषेवर रचलेला वीतभर उंचीचा दगडी बांध पाणी पूर्ण अडवत नाही. त्याचा वेग मोडतो, गाळ मागे ठेवतो आणि पाण्याला मुरायला अवधी देतो.

याच काळात याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने 'झाई' ही जुनी पद्धत सुधारली. कोरड्या ऋतूत कडक जमिनीत खड्डे खणून त्यांत शेणखत घालायचे. खताच्या ओढीने वाळवी येते, तिच्या बोगद्यांमुळे पापुद्रा पोखरला जातो, आणि पहिल्या पावसाचे पाणी नेमके ज्वारी-बाजरीच्या मुळांशी पोहोचते.

संकारांनी १९८५ मध्ये वणवे, मोकाट गुरे आणि बेसुमार लाकूडतोड यांविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडली. संप करणाऱ्या शिक्षकांना मोठ्या संख्येने बडतर्फ करणारे सरकारही त्यांचेच होते, आणि स्वावलंबनाची हाक देणाऱ्याने संघटनांचा आवाज दाबावा, हे मला त्यांचे मोठे अपयश वाटते. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांची हत्या झाली. यातेंगातील शेतकरी मात्र त्यानंतरही नळी घेऊन रेषा आखत राहिले आणि बांध घालत राहिले.