जाळीवरचा काळा थर: तेलाचा की जळक्याचा?

बार्बेक्यूची बिडाची जाळी वापरून वापरून काळी पडली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, घासून लख्ख करा. दुसरा म्हणतो, ते सीझनिंग आहे, हात लावू नका. दोघेही अर्धेच बरोबर, कारण त्या काळ्यात दोन वेगळे थर असतात.

सीझनिंग म्हणजे जुन्या बिडाच्या तव्यावर असतं तेच. तेलाचा अगदी पातळ हात तापून घट्ट होतो आणि धातूला धरून बसतो. बोटाला गुळगुळीत लागतो, किंचित चकाकतो, नखाने निघत नाही. करपलेला थर वेगळा: चरबी, कांदा-लसूण चटणी, मॅरिनेशनमधला गूळ नाहीतर साखर आणि वर धुराची काजळी. तो खरखरीत, निस्तेज असतो, पट्ट्यांच्या सांध्यांत जास्त साचतो आणि टोकरला की खपली निघते. शंका असेल तर कोमट जाळीवर तेलाचा पांढरा सुती फडका फिरवा. फिकट तपकिरी डाग चालतो. काळा चुरा आला तर घासायचं.

ही खपली ठेवली तर मांस चिकटतं, तिच्याखाली मीठ आणि ओल अडकून गंज धरतो. सर्वांत वाईट म्हणजे तिच्यावरच तेल लावून पुन्हा तापवणं. पुढे दोन्ही थर एकदम सुटतात आणि तुकडे ताटात येतात.

शिजवून झालं की जाळी निखाऱ्यावर दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. करपलेलं ठिसूळ झालं की लांब दांड्याच्या उलथन्याने खरवडा, मग चिमट्यात अर्धा कांदा धरून चोळा. तारेचा ब्रश टाळलेला बरा. त्याची तुटकी तार जेवणात जाऊ शकते. तापल्या जाळीवर गार पाणी मात्र कधीच नको. बीड तडकतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या बीड ओतणाऱ्या फौंड्र्यांमधल्या कुणालाही विचारा!

गंज आलाच तर पाणी आणि पांढरं व्हिनेगर समप्रमाणात घेऊन जाळी त्यात अर्धा तास, जास्त नाही. घासा, धुवा, लगेच आचेवर कोरडी करा. मग तेल लावून कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढा आणि झाकण लावून साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसवर एक तास तापवा. जाळी चिकट राहिली तर तेल जास्त झालं होतं; आणखी तासभर तापवा.

स्टीलच्या जाळीला सीझनिंगचा आग्रह नको, ती बेलाशक घासा. इनॅमलची असेल तर खरवडू नका, टवका उडाला की तिथूनच गंजते.

पावसाळ्यात बिडाची जाळी तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर आत दमटपणा कोंडतो.