कमानीचा रेटा आणि नागपूरची काळी माती

नागपूरच्या सदर भागात दोन कॅथेड्रल आहेत. ‘कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च’ हा आपल्याकडचा रूढ समज. खरं तर ज्या चर्चमध्ये बिशपचं, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखाचं, आसन असतं ते कॅथेड्रल, मग ते लहान का असेना. सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे कॅथलिकांचं: धर्मप्रांत १८८७चा, महाधर्मप्रांत १९५३पासून. ऑल सेंट्स मात्र चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट पंथाचं.

दुसरा समज अधिक चिवट आहे. युरोपातल्या गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन शैलीच्या, कॅथेड्रलची टोकदार कमान म्हणे शोभेसाठी, प्रार्थनेला जोडलेल्या हातांसारखी. तिचं खरं काम बाहेरच्या बाजूचा रेटा कमी करणं.

कमान भार नुसता खाली देत नाही, दोन्ही पाय बाहेरही ढकलते. ढोबळ हिशेब असा: दर मीटरवरच्या भाराला गाळ्याच्या (दोन पायांमधल्या अंतराच्या) वर्गाने गुणा आणि कमानीच्या उंचीच्या आठपटीने भागा. गाळा ६ मीटर, भार मीटरला १००० किलो धरू. अर्धवर्तुळाची उंची ३ मीटर, म्हणून रेटा १५०० किलो. गाळ्याइतक्याच त्रिज्येचे दोन कंस जोडून टोकदार कमान केली, तर उंची साधारण ५.२ मीटर होते आणि रेटा सुमारे ८६५ किलोवर येतो. गाळा तोच, भार तोच.

उरलेला रेटाही भिंत उलथवू शकतो, म्हणून बाहेरून धिरा देतात. पॅरिसच्या नोत्र दामला अधांतरी कमानीसारखे ‘उडते धिरे’ आहेत, आणि गंमत म्हणजे ते स्वतःही आत ढकलतात! एप्रिल २०१९च्या आगीनंतर तिथल्या २८ धिऱ्यांखाली लाकडी सेंटरिंग, म्हणजे खालून आधार देणारे सांगाडे, बसवलं, ते याच भीतीने. छताची कमान कोसळली, तर धिऱ्याला आतून उत्तर देणारं कोणी उरत नाही. (जुन्या इमारती ‘लोखंडाचा एक खिळाही न वापरता’ बांधल्या, छापाचे संदेश फिरत असतात, त्यांना एक उत्तर: याच इमारतीच्या दगडांत बाराव्या शतकातल्या लोखंडी आकड्या सापडल्या. २०२३ मध्ये त्यांवर संशोधन प्रसिद्ध झालं.)

आता पाय किंचित फाकले तर? माथ्याशी भेग खालून उघडते, खांद्यांशी (माथा आणि पाय यांच्या मधल्या भागाशी) वरून. दगड एका कडेवर टेकतात आणि सांधा बिजागरीसारखा वागतो. अशा तीन बिजागऱ्यांवर कमान खुशाल उभी राहते. चौथी झाली की ती हलती यंत्रणा बनते आणि पडते. म्हणजे भेग दिसली की इमारत गेली, असं नाही. भेग कुठे आहे आणि कोणत्या बाजूने उघडते, ते बघायचं.

नागपुरात पाय फाकायला काळी माती पुरते. पावसात ती फुगते, मेच्या उन्हात आक्रसून भेगाळते आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. म्हणून जुन्या कमानीची भेग दिसल्या दिसल्या भरू नये. दोन्ही बाजूंना एकेक पितळी खूण पक्की करावी, त्यांमधलं अंतर व्हर्नियर या बारीक मोजपट्टीने मोजून तारखेसह लिहावं आणि निदान वर्षभर, मे आणि सप्टेंबर धरून, पुन्हा मोजावं. अंतर वाढून परत पूर्वीइतकं होत असेल, तर माती श्वास घेते आहे. पन्हळ आणि गटार दुरुस्त करून पाणी पायापासून दूर न्यावं. दरवर्षी थोडं थोडं वाढतच असेल, तर रेटा जिंकतो आहे. तिथे दोन पायांना जोडणारी लोखंडी ताणसळई लागते, आणि ती अभियंत्याच्या हिशेबानेच.

सर्वांत वाईट दुरुस्ती म्हणजे भर उन्हाळ्यात रुंदावलेल्या भेगेत सिमेंट ठासणं. पावसाळ्यात भेग मिटू पाहते, पण मध्ये टणक पाचर बसलेली असते. मग पाय आणखी बाहेर सरकतात किंवा शेजारचा दगड फुटतो, आणि पुढच्या मेमध्ये गवंडी नवी भेग भरायला येतो. भेग भरायचीच तर चुन्याने. चुना सिमेंटपेक्षा मऊ, म्हणून दाब आला की दगडाआधी तोच चुरतो. त्याच्याकडून हवं आहे तेही तेवढंच.