बॅटरी किती मेगावॉटची ते कळलं, पण किती तासांची?

‘शंभर मेगावॉट वीज साठवणारी बॅटरी’ असं वाचलं की माझं डोकं उठतं. मेगावॉट साठवता येत नाहीत. साठवतात ते मेगावॉट-तास.

मेगावॉट-तास तुमच्या ओळखीचाच आहे. बिलावरची हजार युनिटं म्हणजे एक मेगावॉट-तास, एवढं पुरे. मेगावॉट म्हणजे एका क्षणी बॅटरी ग्रिडमध्ये (वीजवाहिन्यांच्या जाळ्यात) जास्तीत जास्त किती जोराने वीज ढकलू शकते तो आकडा. तो मुख्यतः इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीतली डीसी वीज ग्रिडसाठी एसी करणारी यंत्रं, ठरवतात; साठा ठरवतात सेल. इन्व्हर्टर तेच ठेवून मागे सेलचे आणखी कंटेनर जोडले, तर बॅटरी जास्त वेळ चालेल. जोर मात्र तेवढाच.

घोळ कुठे होतो, तर बॅटरी नेमकी कशासाठी बांधली हे न बघता लोक पहिला आकडाच धरून बसतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची बॅटरी घ्या. २०१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा १०० मेगावॉट आणि १२९ मेगावॉट-तासांची होती. पूर्ण जोर लावला तर सव्वा तासात रिकामी. त्यातले ७० मेगावॉट ग्रिड अडचणीत आलं तर सावरायला राखून ठेवले होते, तेही दहाच मिनिटांसाठी. त्याला १२ मेगावॉट-तासही लागत नाहीत. उरलेले ३० मेगावॉट बाजारात वीज विकायला, तीन तास. त्याला लागतात ९०. जोराचा मोठा वाटा एकीकडे, साठ्याचा दुसरीकडे! एखादं वीजकेंद्र अचानक बंद पडून ग्रिडची फ्रिक्वेन्सी (एसी विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) घसरते तेव्हा सेकंदाच्या आत जोर हवा असतो, साठा फारसा लागत नाही. दुपारची सौर वीज रात्रीसाठी ठेवायची, तर साठाच हवा.

आता ऑस्ट्रेलियातलीच व्हिक्टोरिया बिग बॅटरी आणि कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या बॅटरीचा पहिला टप्पा (जानेवारी २०२५ मध्ये आगीत सापडला तो). दोन्ही ३०० मेगावॉट. पहिलीत ४५० मेगावॉट-तास, म्हणजे दीड तास. दुसऱ्यात १,२००, म्हणजे चार तास. बातमीत नुसतं ‘३०० मेगावॉट’ छापलं की दोन्ही सारख्याच. मला विचाराल तर एकच आकडा छापायची जागा असेल तेव्हा तास छापा.

जाता जाता, साठ्याला ‘मेगावॉट प्रति तास’ लिहिणाऱ्यांसाठी: तिथे भागाकार नाही, गुणाकार आहे.