गडावरची राख

पहाटे साडेपाचला तंबूची चेन उघडून बाहेर आलो, तर माथ्यावर दाट धुकं होतं आणि पाण्याच्या टाक्यापासून चार पावलांवर राखेचा एक ढीग. आमचा नव्हता, आधी कुणीतरी मुक्काम करून गेलं होतं. काठीनं उकरून पाहिला. वर मऊ पांढुरकी राख, खाली अर्धवट जळलेल्या करवंदीच्या काटक्या. आणखी खाली वेफर्सच्या पाकिटाची आक्रसून काळी पडलेली कड, बटाटे भाजलेल्या फॉईलचे चकाकणारे तुकडे, औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीचा वितळलेला कोपरा, आणि करपलेला, पण न जळलेला ओल्या टिश्यूचा बोळा.

ही शेकोटी करणारी माणसं बेफिकीर नसावीत. गडावर कचरा ठेवून जायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं होतं, म्हणूनच तर तो जाळला. कचरा जाळून निघायचं ही सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि एके काळी ती अगदी योग्य होती.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे मराठा राज्यकारभाराचे नियम सांगणारा ग्रंथ, १७१५ च्या सुमाराचं. त्यात गडाच्या स्वच्छतेबद्दल स्पष्ट आज्ञा आहे. वाटांवर, बाजारात, तटाकडेला केरकसपट पडू द्यायचं नाही. झाडलेला केर गडाखाली ढकलायचा नाही, तो जागच्या जागी जाळायचा आणि राख परसात टाकून तिच्यावर भाजीपाला करायचा. कचरा खाली लोटून दिला की संपला, असं तीनशे वर्षांपूर्वीही मानलं जात नव्हतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्या काळचा केर म्हणजे पालापाचोळा, गवत, काडीकचरा. वनस्पती जळते तेव्हा तिच्यातला कार्बन आणि नायट्रोजन बहुतांशी वायुरूपात निघून जातो. मागे राहतं ते झाडानं मुळांवाटे जमिनीतून उचललेलं खनिजधन, म्हणजे कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि थोडा फॉस्फरस. भाजीच्या वाफ्याला ही राख म्हणजे खतच. तिच्यातले पोटॅशियमचे क्षार अल्कधर्मी असतात. ओल्या राखेनं खरकटं पातेलं घासलं की तेलकटपणाचा काही अंश साबणासारखा होऊन सुटतो आणि बारीक कण बाकीचं खरवडून काढतात. आजीच्या चुलीतली राख भांडी घासायला का चालायची, याचं उत्तर हेच.

आता आमच्या ढिगातल्या पाकिटाकडे बघा. वेफर्सचं पाकीट एका पदार्थाचं नसतं. पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकच्या पातळ थरांवर आतून अॅल्युमिनियमचा मुलामा असतो, माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ. ऑक्सिजन, दमट हवा आणि उजेड आत जाऊ नये, वेफर्स कुरकुरीत राहावेत, यासाठी एवढी कारागिरी. हे थर एकमेकांपासून सोडवणं इतकं अवघड की भंगारवालासुद्धा ही पाकिटं घेत नाही. शेकोटीत प्लास्टिकचा थर वितळतो, ठिबकतो, अर्धामुर्धा जळतो आणि काजळी सोडतो. फॉईलचं अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं खरं, पण त्यावर ऑक्साइडची जी अतिशय पातळ साय असते ती वितळायला २००० अंशांहून अधिक तापमान लागतं. म्हणून फॉईल जळून नाहीशी होत नाही, फक्त चुरगळते आणि राखेत चमकत राहते.

सगळ्यांत वाईट तो गोळ्यांच्या पट्टीचा कोपरा. अशा पट्ट्यांचं पारदर्शक प्लास्टिक बऱ्याचदा पीव्हीसी असतं, आणि पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन. ते धुमसत्या, कमी आचेच्या विस्तवात जळलं की डायॉक्सिन नावाची विषारी संयुगं तयार होऊ शकतात. कचरा जाळायच्या शास्त्रशुद्ध भट्टीत धुरातले वायू ८५० अंशांच्या वर किमान २ सेकंद राहतील अशी व्यवस्था करतात, ती याचसाठी. शेकोटीत हवा एका बाजूनं गार, दुसरीकडून गरम, मधे ओली काटकी. तयार झालेलं डायॉक्सिन काजळीला आणि राखेला चिकटून तिथल्याच मातीत बसतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. त्या राखेवर भाजी लावा, असं आज अमात्यांनीही म्हटलं नसतं.

शेकोटीचा फटका खडकालाही बसतो. बसाल्टमधून उष्णता सावकाश झिरपते. वरचा थर तापून फुगतो, आतला गारच राहतो, आणि दोघांच्या ओढाताणीत खपली सुटते. त्यावर पाणी ओतलं तर तडाच. पूर्वी खाणीत विस्तव पेटवून, वर गार पाणी मारून खडक फोडत असत. आपण पायरीवर, तटाच्या आडोशाला, देवळाच्या ओट्यावर शेकोटी करून सकाळी बादलीभर पाणी ओततो, तेव्हा नेमकं तेच करत असतो. बरं, न विझवता निघावं, तर राखेखालचे निखारे कित्येक तास जिवंत राहतात, कारण राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही. डिसेंबर ते मे या काळात भोवतीचं गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि वणव्याला एक ठिणगी पुरते. त्यामुळे माझं मत सरळ आहे: गडाच्या माथ्यावर शेकोटी नकोच. स्वैपाकाला छोटा गॅस स्टोव्ह आणि थंडीला एक जास्तीचा स्वेटर.

यावर कुणीतरी हमखास विचारतं, प्लास्टिकचं पटलं, पण संत्र्याची सालं, केळ्याची सालं, उरलेला भात? ते तर निसर्गाचंच. ते का उचलायचं?

प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्यांच्या बाजूनं एक नामी उदाहरणही आहे. कोस्टा रिका देशात १९९० च्या दशकाच्या अखेरीस रस काढून उरलेली सुमारे १२,००० टन संत्र्याची सालं एका उजाड, निकस कुरणावर ओतली गेली. पुढे तिथे गर्द रान उगवलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेजारच्या मोकळ्या जमिनीपेक्षा तिथला झाडोरा वजनानं १७६ टक्क्यांनी अधिक भरला. म्हणजे सालं मातीत जिरतात, हे खरंच.

पण जिरायला माती, ओल आणि जिवाणू लागतात. गडाच्या माथ्यावर मातीचा थर कित्येकदा बोटभर असतो, खाली थेट कातळ. पाऊस चार महिन्यांचा, उरलेले आठ महिने ऊन आणि वारा. अशा ठिकाणी साल कुजत नाही, वाळून चिवट होते. त्यातच संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन हे तेल बुरशी-जिवाणूंना रोखतं. म्हणून दिवाळीत टाकलेली साल शिमग्यालाही तिथेच सापडते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सगळ्याच जमिनींना खत मानवत नाही. कासच्या पठारावर आणि सह्याद्रीतल्या तशाच सड्यांवर पावसाळ्यात सीतेची आसवं फुलतात, निळीजांभळी, नखाएवढी. या झाडाला जमिनीखाली सूक्ष्म फुगे असतात. पाण्यातला बारीक जीव फुग्याच्या दाराशी आला की सेकंदाच्या हजाराव्या भागात तो आत ओढला जातो. शेजारचं दवबिंदू नावाचं रोपटं पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडतं. एवढा खटाटोप का, तर त्या मातीत नायट्रोजन जवळजवळ नाही. त्या अभावातच जगायला ही झाडं शिकली आहेत, म्हणून तिथे त्यांना स्पर्धा नाही. दर शनिवार-रविवारी तिथे खरकटं, सालं आणि मूत्र पडत राहिलं की माती 'सुधारते', दांडगं गवत आणि रानतण शिरतं, आणि सीतेची आसवं मागे हटतात. वानरं-माकडं खरकट्याला सोकावतात तो उपद्रव आणखी वेगळा, सॅक हिसकावून घेतलेल्यांना तो सांगायला नको.

आता पाणी. इथे थोडं थांबायला हवं, कारण गडावर सगळ्यात मोठं नुकसान याच बाबतीत होतं, आणि तेही नकळत.

टाकं हे नदी नव्हे. कातळात खोदलेली ती बंद टाकी. पावसाळ्यात भरते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यात सहसा नवं पाणी येत नाही, जुनं वाहून जात नाही. नदीत पडलेली घाण पातळ होत वाहून जाते, टाक्यात पडलेली तिथेच राहते. खांबटाक्यांवर तर वरून दगडाचंच छत असतं, ऊन लागून पाणी आटू नये म्हणून मुद्दाम ठेवलेलं. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी पाण्यातले पुष्कळ जंतू मरतात, टाक्याच्या गार काळोखात मात्र तेच जंतू निवांत टिकतात. पाणी वाचवणारी सावली रोगजंतूंनाही वाचवते. जियार्डिया या परजीवीचे कोष गार पाण्यात आठवडे, कधी महिनोन् महिने तगतात, आणि असे दहा कोष पोटात गेले तरी जुलाब लागू शकतात.

त्यामुळे शौचाला जायचं ते पाण्यापासून किमान ६० मीटर, म्हणजे साधारण ८० पावलं दूर, आणि उतार टाक्याकडे नसेल अशा बाजूला. जिथे माती आहे तिथे १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करायचा, कारण कुजवणारे जीव मातीच्या वरच्याच थरात भरपूर असतात, खोल गेलं की कमी होतात. जिथे कातळच आहे तिथे खड्डा होणार कसा? तिथे पिशवीच. ऐकायला कसंतरी वाटतं, पण एव्हरेस्टच्या पायथ्याच्या स्थानिक प्रशासनानं २०२४ मध्ये गिर्यारोहकांना स्वतःची विष्ठा पिशवीतून खाली आणायला सांगितलं आहे. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅडही खाली यायलाच हवेत. ओला टिश्यू दिसतो कागदासारखा, पण त्यात बहुधा पॉलिएस्टरचे धागे असतात.

साबणाचंही तसंच. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो आणि त्याच्या आधारावर लांब पायांचे ते कीटक टाक्यात न बुडता घसरत फिरतात. साबणानं हा ताण निम्म्याहून कमी होतो आणि त्यांचा आधारच जातो. 'पर्यावरणपूरक' साबणाला इथे सूट नाही. त्याचं विघटन जिवाणू करतात आणि त्या कामात पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो. पातेल्यात पाणी काढून घ्यावं, दूर मातीवर जाऊन भांडी पुसून धुवावीत, खरकटं गाळून पिशवीत घ्यावं.

त्या सकाळी आम्ही तो ढीग जमेल तेवढा भरून घेतला आणि उतरलो. पायथ्याच्या गावात ज्या मावशींकडे जेवण सांगितलं होतं, त्या ओट्यापाशी बसून चुलीच्या राखेनं पातेली घासत होत्या. आमच्यातल्या एकाला वाटलं, वरची मऊ राख तरी कामी येईल. त्यानं पिशवी पुढे केली. मावशींनी चिमूटभर राख घेतली, बोटांत चोळली आणि त्यातनं फॉईलचा एक चकचकीत कपचा बाजूला काढला.

"ही नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "हिच्यात काय काय जळलंय ते ठावं न्हाय. ज्यात पोरांना जेवाय वाढते, त्याला कशी लावू?"

पिशवीची गाठ पुन्हा मारून ती गाडीच्या डिकीत ठेवली. मावशींनी पातेलं विसळून उन्हात पालथं घातलं, तेव्हा ते चांदीसारखं लखलखत होतं.