गोगलगायी मारायचं स्वस्त औषध होतं, मग अडलं कुठे? (पार्श्वभूमी)

शिस्टोसोमियासिस हा पाण्यात उतरल्याने होणारा जंतांचा आजार. त्याचा जंत माणसात शिरायच्या आधी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो, हे १९१० च्या दशकातच जपान आणि इजिप्तमध्ये पक्कं झालं होतं. मग कालव्यांत मोरचूद टाकून झालं, १९६० च्या आसपास निक्लोसामाइड हे गोगलगायी मारायचं औषध आलं. लिटरला १ मिलिग्रॅम पुरतं, पण मासेही मरतात आणि औषध बाहेरून विकत आणायचं. त्यात आफ्रिकेतल्या या गोगलगायी उभयलिंगी, चिखलात एखादी जरी वाचली तरी एकटीच परत पिल्लावळ वाढवते, म्हणजे औषध पुन्हापुन्हा टाकणं आलंच.

खरी गंमत इथिओपियात झाली. १९६४ साली अडवाजवळच्या ओढ्यावर बायका एन्डॉडच्या झुडपाची फळं वाटून कपडे धूत होत्या, तर एका स्थानिक संशोधकाला दिसलं की त्यांच्या खालच्या अंगाला मेलेल्या गोगलगायींचा खच पडलाय आणि वरच्या अंगाला सगळ्या जिवंत. फळांमध्ये सॅपोनिन असतं, त्याने रिठ्यासारखा फेस येतो आणि गोगलगायीही मरतात. १९६९ ते ७४ तिथेच एन्डॉड पाण्यात टाकून ट्रायल झाली, १ ते ६ वर्षांच्या मुलांमधली लागण ५० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली.

आणि मग सगळं अडकलं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ म्हणाले, आधी विषारीपणाच्या ठरलेल्या पद्धतीच्या चाचण्या आणा. तसं बघितलं तर मागणी चूक नाही, लोक तेच पाणी पितात, आणि एन्डॉडने मासे मरतात, गोगलगायींची अंडी मात्र नेहमीच्या डोसला वाचतात, हे त्याचे चाहते हळूच गाळतात. पण त्या चाचण्या महागड्या लॅबमध्येच होणार, खर्च करायचा कोणी? शेतात उगवणाऱ्या फळावर पैसे लावायला कुठली औषध कंपनी बसलीये? ज्या बायकांचे हात पिढ्यानपिढ्या त्याच फेसात होते, त्यांचा अनुभव कागदावर शून्य. वर्षानुवर्षं हेच चाललं.

तोवर माणसातला जंत मारणारी प्राझिक्वांटेलची गोळी आली, १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं धोरणच बदललं, पेशंटवर उपचार करा, गोगलगायी नंतर बघू. पण गोळी घेतलेलं पोरगं परत त्याच पाण्यात उतरतं आणि परत लागण होते, म्हणून आता पुन्हा सगळे गोगलगायींकडे वळलेत. सेनेगलमध्ये १९८६ च्या धरणाने नदीतल्या कोळंबीची वाट अडली, ती गोगलगायी खायची, तिला परत सोडून पाहिलं तर लागण झालेल्या गोगलगायी कमी झाल्या. पण तिच्या पिल्लांना मचूळ पाणी लागतं, म्हणजे हॅचरीचा खर्च आलाच. त्यापेक्षा गोगलगायी ज्यांवर राहतात त्या पाणवनस्पती उपसून त्याचं खत किंवा गुरांचा चारा करायचा प्रयोग मला जास्त टिकाऊ वाटतो, कारण त्यात गावाच्या हातात लगेच काहीतरी पडतं.