पुठ्ठा चादर विणत नाही

सोलापुरात यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरलं की आधी कान बधिर होतात, मग नजर वर जाते. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड बसवलेलं असतं आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यावरून सरकत असते. भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. चादरीवरचा मोर आधी असा पुठ्ठ्यावर उतरलेला असतो.

१९४३ साली डब्लिनमध्ये एर्विन श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाने सजीवांबद्दल अशीच काहीशी कल्पना मांडली. नोबेल मिळालं होतं ते क्वांटम सिद्धांतासाठी. जीवशास्त्र हा काही त्याचा प्रांत नव्हता. व्याख्यानांचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं, 'व्हॉट इज लाइफ?'. परक्या विषयात हात घालून आपलं हसं होण्याचा धोका आपण पत्करतो आहोत, हे त्याने प्रस्तावनेतच कबूल केलं. आनुवंशिक द्रव्य म्हणजे एकच नक्षी पुन्हा पुन्हा न गिरवणारा स्फटिक असावा आणि त्यात सजीवाची संकेतलिपी असावी, असा त्याचा तर्क होता. डीएनएची रचना कळायला अजून दहा वर्षं होती!

पण ही लिपी म्हणजे आराखडाही आणि गवंडीही, असं तो पुढे म्हणाला, आणि मला वाटतं गाडी इथेच घसरली. पुठ्ठा चादर विणत नाही. माग लागतो, सूत लागतं, तुटलेला धागा सांधणारा माणूस लागतो. डीएनएही एकटा काही घडवत नाही. तो वाचायला प्रथिनं आणि रायबोसोम (पेशीतले प्रथिनं बनवणारे कारखाने), म्हणजे आख्खी पेशी, लागते. शिवाय त्वचेच्या आणि मेंदूच्या पेशीत डीएनए जवळपास एकच. त्याच पुठ्ठ्यांवर एका मागावर चादर निघावी आणि शेजारच्यावर टॉवेल, तसंच हे. मग 'माहिती' नक्की कुठे आहे? डीएनएत, पेशीत, की दोघांच्या व्यवहारात? जीवशास्त्राचे तत्त्वज्ञ आजही यावर भांडतात, आणि ते भांडण शब्दांपुरतं नाही.

पुढे डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस क्रिकला श्रोडिंगरच्या त्याच पुस्तकाने जीवशास्त्राकडे ओढलं. तोही मूळचा भौतिकीवालाच. युद्धात आरमारासाठी सुरुंगांवर काम केलेला. पण त्याने आधी पेशींवर, मग प्रथिनांच्या क्ष-किरण अभ्यासावर काही वर्षं घालवली. उमेदवारी केली, म्हणा ना.

फ्रेड हॉयलने ती केली नाही. ताऱ्यांच्या पोटात कार्बन कसा तयार होतो, हे उलगडण्यात या खगोलशास्त्रज्ञाचा मोठा वाटा. पण १९८५ च्या सुमारास त्याने आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या संग्रहालयातला आर्किऑप्टेरिक्स या पिसांच्या प्राचीन पक्ष्यासारख्या प्राण्याचा जीवाश्म बनावट ठरवला: पिसांचे ठसे म्हणे नंतर सिमेंटसारख्या लेपात उमटवलेले. संग्रहालयातल्या लोकांनी, जीवाश्म ज्यात दुभंगला होता त्या दगडाची दोन्ही शकलं शेजारी ठेवली. केसासारख्या बारीक भेगा पिसांच्या ठशांतून आरपार गेल्या होत्या, आणि एका शकलावरची भेग दुसऱ्यावरच्या भेगेशी तंतोतंत जुळत होती.